दुसरा साक्षीदार

माझे यजमान सी थामी मेकनेसमध्ये जन्मभर अदूल होते. आमच्याकडे निकाह असो की घराची वाटणी, दोन अदूल शेजारी बसून साक्ष घेतात. दोघांची सही झाली तरच काम पक्कं. यांची जोडी सी लारबींशी. दोघांचं कधी पटलं नाही, पण एकाला सोडून दुसऱ्याने कधी सही केली नाही.

यंदा रमझान तोंडावर आला आणि यांचे पाय सुजू लागले. मशिदीच्या चढावर धाप लागायची. अंगावर मांस उरलंच नव्हतं. पायघोळ जेलाबा खुंटीला टांगल्यासारखा लोंबायचा. पण लहानपणापासून एकही रोजा सुटलेला नाही, तो यंदाही सोडायचा नाही, असा हट्ट. मी पहाटे तस्बीहचे मणी ओढताना यांच्यासाठीच मागत होते.

अखेर डॉक्टर इलहामकडे नेलं.

"रक्तातलं क्रिएटिनिन चांगलं आहे," ती म्हणाली.

"मग उठू या. हरीऱ्याच्या सूपसाठी टोमॅटो घ्यायचेत."

"बसा हाज्जी. ते स्नायूंतून येतं. तुमच्या अंगावर स्नायूच नाहीत, तर ते वाढणार कुठून? मूत्रपिंडं थकली असली तरी आकडा गोडच दिसेल. सिस्टॅटिन-सी बघू. ते शरीरातल्या सगळ्याच पेशींतून येतं, हडकुळ्या माणसातही सहसा फसवत नाही. उतारवयात ते वाढलं, तर हृदयालाही जपावं लागतं."

"रोजे बंद करायचा कट आहे हा," हे माझ्याकडे वळले. "तूच शिकवलंस हिला."

"मी काय शिकवणार? पण अहो, सी लारबी आले नाहीत म्हणून कुणाचा निकाह तुम्ही एकट्याने लावलात का?"

"त्या गाढवाची वाट बघता बघता एकदा नवरदेव झोपून गेला होता."

"पण थांबलात ना?"

यांनी रक्त काढायला बाही वर सरकवली.

सिस्टॅटिन वाढलेलं निघालं. औषधं लागली, मीठ तुटलं, रोजे बंद. घरी आलो. दारातच हे म्हणाले, "दुसऱ्या साक्षीदाराने खरं सांगितलं." आणि खारवलेल्या जैतुनांची बरणी शेजारी देऊन आले.

रमझान लागला. सुटलेल्या रोज्याच्या बदल्यात रोज एका गरिबाला जेवण. ते जेवण हे स्वतः पोचवत. पहिल्या संध्याकाळी मगरिबची अजान झाली, मी खजूर तोंडाला लावला, तेव्हा यांचं वाडगं तसंच भरलेलं होतं.

"निवला की हरीरा. तुम्ही आधी घ्यायचा ना."

"एकट्याने कशी सही करू?"

मग एक घोट घेऊन म्हणाले, "अळणी आहे गं."

"असू दे," मी म्हटलं. मीठ मी माझ्याही वाडग्यात घातलं नव्हतं.