टाचणीच्या भोकातला देव

"दिसलं! अहो, मला दिसलं!"

रविवारी सकाळी सभागृहात ही आरोळी उठली, की दोन-अडीचशे माणसं एका सुरात "आहाऽऽ" करायची. ओरडणारा बहुधा साठी उलटलेला. चष्मा काढून टेबलावर ठेवलेला, डोळ्याला लावलेलं काळं जाड पुठ्ठ्याचं पत्र, समोर मुंगीएवढ्या अक्षरांचं पुस्तक, आणि तो ते घडाघडा वाचतोय! शेजारी नजरगुरू उभे. अंगात डॉक्टरी पांढरा कोट आणि गळ्यात ही भली मोठी माळ. रोगी सुटला तर भक्त गळाला लागावा, भक्त सुटला तर रोगी, असा तो बंदोबस्त होता.

"चष्मा म्हणजे डोळ्यांच्या कुबड्या!" गुरू गरजायचे. "या दिव्यपत्रात एक सूक्ष्म द्वार आहे. त्यातून देव तुमच्याकडे पाहतो, म्हणून तुम्हाला दिसतं! ज्याच्या मनात शंका, त्याच्यापुढे अंधार!"

मी मागच्या रांगेत दातओठ खात बसलेलो असायचो. माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि देवाशी माझं जमत नाही. तिथं जायचो ते ताईपायी. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर लोकांचे कपडे शिवून तिनंच मला वाढवलं. तिला काचबिंदू आहे. त्यात डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे माणसाला पत्ताही लागत नाही. रोज थेंब टाकले, तर दाब आटोक्यात राहतो. आणि ताईनं तीन महिन्यांपासून थेंब बंद केले होते! गुरूंचा हुकूम होता, "औषध आणि श्रद्धा एका डोळ्यात नांदत नाहीत."

हे कळलं तेव्हा मी कपाळ बडवून घेतलं.

"अगं, आंधळी होशील!"

"आंधळा तू आहेस," ताई म्हणाली. "मी चष्म्याशिवाय बारीक अक्षर वाचलं. तुझ्या दुकानात जमलं होतं कधी?"

"त्याला काहीतरी कारण असेल."

"मग सांग ना कारण!"

सांगता येईना. तीस वर्षं डोळ्यांवर पोट भरतोय, आणि एका पुठ्ठ्याच्या तुकड्यापुढे हरलो!

शेवटी एका रविवारी मी तिरीमिरीत उठलोच. "मी देव मानत नाही. द्या मला ते पत्र!"

गुरू गालात हसले. 'ज्ञानदीप' नावाचा लखलखीत दिवा त्यांनी नेहमीप्रमाणे पुस्तकावर वळवला. मी चष्मा काढला, पत्र डोळ्याला लावलं आणि वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता.

"सुप्त श्रद्धा!" गुरू ओरडले. "नास्तिकाच्या पोटातही देव लपलेला असतो!"

सभागृह दणाणलं. अनोळखी लोकांनी मला मिठ्या मारल्या. ताई तर आनंदानं रडायलाच लागली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

दुसऱ्या दिवशी दुकानात एक ट्रकवाला आला. लांबचं धूसर दिसतं म्हणाला. मी सवयीनं भिंगांच्या पेटीतून काळी चकती उचलून त्याच्या डोळ्यापुढे धरली. तिला मधोमध टाचणीएवढं भोक असतं. दोष नुसत्या नंबरचा आहे की आत काही बिघडलंय, हे आम्ही तिनं तपासतो. नंबरचा दोष असेल, तर भोकातून स्पष्ट दिसतं.

"अरे वा, दिसलं की!" ट्रकवाला म्हणाला.

चकती माझ्या हातातून खाली पडली. दिवसातून वीस वेळा मी ती हाताळतो, आणि कुणीतरी तिला दिव्यपत्र म्हटल्याबरोबर मला ती ओळखू आली नाही! काखेत कळसा अन् गावाला वळसा.

पुढच्या रविवारी मी बुटांचं खोकं आणि कात्री घेऊन थेट व्यासपीठावर चढलो. पुठ्ठ्याचे दहा-बारा तुकडे कापले आणि टाचणीनं एकेक भोक पाडलं.

"मंडळी, ही पत्रं मी देवाचं नाव न घेता केली आहेत. उलट प्रत्येक भोकाला गुरूंना एक शिवी घातली आहे. घ्या, बघा!"

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून तुकडा डोळ्याला लावला. "अरेच्चा! यातूनही दिसतंय!"

"दिसणारच. आपल्या थकलेल्या डोळ्यात किरण विस्कटतात, म्हणून अक्षर पसरतं. भोकातून मोजकेच किरण आत जातात, त्यांना विस्कटायला जागाच नसते. पण उजेड कमी पडतो, म्हणून हा ज्ञानदीप! मालवा तो, आणि मग बोलवा देवाला."

कुणीतरी दिवा मालवला.

"छे, काहीच दिसेना," आजोबा म्हणाले. सभागृहात हशा पिकला.

गुरू मात्र कसलेले. "पत्राचं सोडा! या बाईंचा काचबिंदू गेला, त्याचं काय?"

"गेला की नाही, ते दाब मोजल्यावर कळेल. भोकातून समोरचं अक्षर दिसतं, आत मरणारी नस दिसत नाही. चल ताई, मोजून येऊ."

"खबरदार! मोजमाप म्हणजे अविश्वास! माप घेतलं की कृपा आटते!"

ताई उठली. आता ही चारचौघांत माझीच खरडपट्टी काढणार, असं मला वाटलं. ती गुरूंकडे वळली.

"महाराज, मी चाळीस वर्षं कपडे शिवले. माप घ्यायला नको म्हणणाऱ्या शिंप्याच्या हाती मी चिंधीसुद्धा दिली नसती. आणि तुमच्या हाती डोळे दिले!"

एवढं बोलून ती पायऱ्या उतरली. पुढच्या रविवारी सभागृहाला कुलूप होतं.

दाब असायला हवा त्याच्या दुप्पट निघाला. डाव्या डोळ्याच्या नजरेचा एक तुकडा गेला होता. थेंब सुरू झाले, दाब उतरला, पण तो तुकडा काही परत आला नाही.

दवाखान्याच्या बाकावर मी रागानं विचारलं, "आता तरी देव सोडशील?"

"का म्हणून? थेंब बंद कर असं देव म्हणाला नव्हता. तू लहानपणी तापानं फणफणला होतास. मी देवाला म्हटलं, याला वाचव. वाचलास."

"तू अनवाणी धावत जाऊन डॉक्टर आणलास, म्हणून वाचलो."

"धावायला बळ कुणी दिलं?"

"हेच ते! पाय तुझे रक्ताळले आणि श्रेय त्याला! त्या दिवसापासून माझा त्याच्यावर राग आहे. म्हणून मी त्याला मानत नाही."

ताई माझ्याकडे बघून खुदकन हसली. "एवढंच होय? मला वाटलं, मोठमोठी पुस्तकं वाचून नास्तिक झालास!"

तिचं मानणं माझ्या जिवासाठी, माझं न मानणं तिच्या पायांसाठी. शास्त्र दोन्हीत नाही, आणि दोन्हींनी कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून देव मानायचा की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण कुणी चमत्कार दाखवून औषध बंद करा म्हणाला, तर तिथल्या तिथे उभं राहून कारण विचारा. लोक हसतील, हसू द्या. मला कारण सापडायला उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत ताईच्या डाव्या डोळ्यानं मोजली.