मला चंद्र करू नका

मित्रांनो, मी चंद्र नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावातली लहान पोरे मला बघून "चंद्र, चंद्र" म्हणून ओरडतात आणि त्यांना कोणी थांबवत नाही. मी एक जुनी डिश आहे, शाळेच्या गच्चीवरची. पत्र्याची, माणसाच्या उंचीएवढी रुंद, मधे खोलगट. माझा मूळ रंग राखाडी. आता माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाचे दोन थर आहेत आणि त्यांवर काळे गोल काढलेले आहेत. ते गोल म्हणजे म्हणे चंद्रावरचे खड्डे.

मला घडवले ते तुमच्याच पैशांनी. काडेपेटी घेतली तरी तुम्ही कर भरता ना, त्या करातूनच वर उपग्रह जातात आणि खाली माझ्यासारख्या डिश बसतात. कारखान्यात एक म्हातारे कारागीर माझ्या अंगावरून तळहात फिरवत शिकाऊ मुलांना सांगायचे, "हिला एवढासा पोचा पडला तरी हिला धड ऐकू यायचं नाही." तेव्हापासून मी स्वतःला फार जपते.

मांजरसुंब्याच्या धाब्यावर मला आणणाऱ्या ट्रकवाल्याचे जेवण झाले आणि संध्याकाळी मी बीड जिल्ह्यात, युसूफ वडगावच्या पुढे, आमच्या गावात उतरले. दुसऱ्या दिवशी मला गच्चीवर बसवले. एक मेकॅनिक मला बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवत होता आणि खाली वर्गातल्या टीव्हीपाशी उभ्या असलेल्या सत्यशीलाबाई "न्हाई, न्हाई" म्हणत होत्या. बऱ्याच वेळाने त्या ओरडल्या, "बास, आलं!" तोच माझा खरा जन्म. आकाशातल्या एका उपग्रहाकडे तोंड करून बसायचे आणि तो जे पाठवेल ते खाली पोचवायचे, एवढेच माझे काम होते. ते मी चोख केले.

शाळेत गणिताचे शिक्षक नव्हते. जागा रिकामीच होती, आजही आहे. सत्यशीलाबाई मराठीच्या. त्या दुपारी मुलांना टीव्हीसमोर बसवत, माझ्यातून गणिताचा धडा येई आणि बाईही मुलांबरोबर उदाहरणे सोडवत. पुढच्या रांगेत आम्रपाली नावाची मुलगी असे. शाळा सुटली की ती गच्चीवर येऊन ओढणीने माझ्यावरची धूळ पुसायची आणि कावळे हाकलायची. तिला पुढे विज्ञान शिकायचे होते. त्यासाठी गणित पक्के हवे, आणि गावात गणित फक्त माझ्याकडे होते.

शाळेसमोर लिंबाचा पार आहे. तिथे कांदा पिकवणारे सुंदरराव बसतात. त्यांचे बोलणे मला वर स्पष्ट ऐकू यायचे.

"नळाला आठ दिसाला पाणी, अन् हे चाललेत चंद्रावर. कावून? काय ठिवलंय तिथं?"

प्रश्न वाईट नव्हता. आठ दिवसांनी पाणी येत असेल तर माणूस चिडणारच. पण मला राग येई तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्याच आठवड्यात सुंदररावांच्या मोबाइलवर गारपिटीचा इशारा आला होता आणि त्यांनी धावपळ करून कांदा ताडपत्रीखाली झाकला होता. ते ढग आधी कोणी पाहिले? वरून माझ्याच भाऊबंदांनी पाहिले. कांदा वाचला. सुंदररावांनी मोबाइल खिशात घातला आणि पारावर येऊन पुन्हा विचारले, आकाशात पैसे कशाला घालायचे.

मग ती तेवीस ऑगस्टची संध्याकाळ आली. आपले यान चंद्रावर उतरणार होते. शाळेचा टीव्ही अंगणात आणला आणि सगळा गाव मांडी घालून बसला. मित्रांनो, ते उतरणे आमच्या गावाने माझ्यातून पाहिले. यान टेकले तेव्हा सुंदररावांच्या डोळ्यांत पाणी आले. फटाके उडाले. सरपंच अर्जुनराव उठून म्हणाले, "उद्या मिरवणूक. अशी काढू की केजपर्यंत आवाज गेला पायजे."

मिरवणूक म्हटली की ट्रॉलीवर काहीतरी ठेवायला हवे. चंद्र कुठून आणायचा यावर खल सुरू झाला. वेल्डिंगच्या दुकानवाला बंकट वर बघून म्हणाला, "चंद्र तर शाळेवर बसलाय की, सरपंच."

सकाळी मला खाली काढले. पुढे आलेला माझा दांडा आणि त्याच्या टोकाचा डबीएवढा भाग, म्हणजे माझा कान, चंद्राला शोभत नव्हता. बंकटने तो पान्याने सोडवला, पोत्यात गुंडाळला आणि दुकानात नेऊन टाकला. मला पांढरा रंग फासला आणि वर पत्र्याचे यान बांधले. पुढे डीजे, डीजेपुढे सुंदरराव नाचताहेत, मागे ट्रॉलीत मी. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मलाही छान वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्रपालीचा वर्ग टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर बसला आणि मी शाळेच्या मुतारीच्या भिंतीला टेकून उभी होते. तेव्हा मला कळले की गावाने अंतराळाचा मान राखता राखता गावातले अंतराळ उचकटून टाकले होते.

सत्यशीलाबाई सरपंचांकडे गेल्या. अर्जुनराव वाईट माणूस नाही. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, वर बसवू की. पण फुडच्या साली मिरवणुकीला चंद्र कुठून आणायचा?"

दोन वर्षे हेच उत्तर मिळाले. दर ऑगस्टला मी ट्रॉलीत चढले आणि बाकीचे वर्ष मुतारीपाशी काढले. आठवीतली आम्रपाली दहावीत गेली.

यंदा अर्जुनरावांना नवी कल्पना सुचली. रंगाचे खड्डे लांबून दिसत नाहीत, खरेच पाडायला हवेत. बंकट हातोडा घेऊन आला. मला त्या म्हाताऱ्या कारागिरांचा तळहात आठवला. इतकी भीती मला वादळातही वाटली नव्हती.

आम्रपाली वर्गातून धावत आली आणि तिने माझ्यावर दोन्ही हात ठेवले.

"बंकटमामा, हातोडा खाली ठिवा."

"सरपंचानं सांगितलंय, पोरी. मी काय करू?"

तिने सरपंचांनाच गाठले. "काका, मिरवणुकीला चंद्रच पायजे ना? आमी करून देतो. हिच्यापेक्षा मोठा. मंग डिश वर बसवायची."

अर्जुनराव हसले. "करून दाखव. दिला शब्द."

दहावीच्या वर्गाने बांबू वाकवले, जुन्या चटया बांधल्या, पिठाच्या खळीने वर्तमानपत्रांचे थर चिकटवले. ओल्या कागदात वाट्या आणि पातेली दाबून खड्डे पाडले. काय चंद्र झाला होता! तो ट्रॉलीत मावेना. मिरवणुकीत लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. मी मुतारीपाशी उभी राहून डीजे ऐकत होते आणि या वेळी त्या आवाजाचा त्रास होत नव्हता. आता मी वर जाणार होते.

दुसऱ्या दिवशी आम्रपाली आणि बाई पारावर गेल्या. अर्जुनराव मान खाजवत म्हणाले, "वर्गणी सगळी डीजेत गेली, बाई. मेकॅनिकला द्यायला काय ऱ्हायलं न्हाई. फुडच्या साली पयलं काम हेच."

"फुडच्या साली मी दहावीत नसणार, काका," आम्रपाली म्हणाली. "मार्चात परीक्षा हाय."

अर्जुनराव मोबाइल बघू लागले. सुंदररावांनी तंबाखू चोळत मान हलवली. "देश चंद्रावर गेला, अन् ह्या पोरीला गच्चीचं पडलंय. लई झालं कौतुक."

सुंदरराव, दोन वर्षांपूर्वी तुम्ही विचारत होता, पैसे कावून घालायचे. मग तुम्हीच डीजेपुढे नाचलात. पैसे वाया गेले म्हणून बोंबलणारे तुम्हीच आणि आपले यान म्हणून मिरवणारेही तुम्हीच. आणि त्याच पैशांतून जे तुमच्या दारापर्यंत आले, ते तुमच्यासमोर भिंतीला टेकलेले आहे. मला याचा फार राग येतो.

आम्रपाली अजूनही धड्याच्या वेळी येते. फुटक्या कौलाच्या तुकड्याने ती माझ्यावरचा रंग हळूहळू खरवडते, पत्र्याला ओरखडा न येऊ देता. वहीतले न सुटलेले उदाहरण शेजारी उघडे असते. एका बाजूला माझा राखाडी रंग दिसू लागला आहे.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखी कोणी असेल. तिला हार घालू नका आणि मिरवूही नका. माझा कान बंकटच्या दुकानात पोत्यात आहे. एक पाना लागेल, मला गच्चीवर चढवायला चार माणसे लागतील, मला बोटभर फिरवणारा एक जण लागेल आणि खाली टीव्हीपाशी उभे राहून "बास, आलं" म्हणायला सत्यशीलाबाई आहेतच. मार्च यायला अजून थोडे महिने आहेत.