मी ‘सोपी वाट’ म्हणालो

मी एक जुना पत्रा आहे. माझ्यावर दोन बाण आणि चार ओळी रंगवल्या आहेत, म्हणून लोक मला फलक म्हणतात. मित्रांनो, मला त्या नावाची लाज वाटते. का, ते सांगतो. ऐकून शिव्या दिल्यात तरी चालतील.

माझं तरुणपण सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्याच्या फाटकात गेलं. कारखाना बंद पडला, मी भंगारात आलो. तिथून शिवू पेंटरनं मला उचललं, गंज घासला आणि पांढरा रंग दिला. रंग वाळेपर्यंत मी स्वतःला लई मोठा समजू लागलो होतो.

तेव्हा शहरातल्या काही माणसांनी ‘रविवार पायपीट मंडळ’ काढलं होतं. आपल्याकडं समुद्र नाही, कडे नाहीत, मग चालायला जायचं कुठं, असं रडत बसण्यापेक्षा त्यांनी गावाबाहेरचा कोल्हेमाळ निवडला. हे चांगलंच केलं. माळावर दोन वाटा फुटतात. डावी खडकाळ टेकडीवर चढते. उजवी ओढ्याच्या कडेनं एका पडक्या विहिरीला वळसा घालून जाते.

मंडळाचे पुढारी उदयसिंह. त्यांनी वाटा पायानं तपासल्याच नाहीत. मोटारसायकलवरून एक चक्कर मारली, गाडीच्या काट्यावर अंतर बघितलं आणि शिवूला मजकूर दिला. डावीकडं ‘अवघड’. उजवीकडं ‘सोपी वाट, ज्येष्ठांसाठी उत्तम’.

शिवूनं ब्रश थांबवून विचारलं, “साहेब, बजाबाईला इचारलं का? ती रोज हिंडती तितं.”

“तिला काय विचारायचं? मेंढरं राखती ती. तू लिही.”

शिवूनं लिहिलं. मी लिहून घेतलं. माझी पहिली चूक तीच. मला तोंड नाही हे खरं, पण माझ्या अंगावर खोटं चढत होतं आणि मी चकाकत होतो.

मला त्या दोन वाटांच्या फाट्यावर उभं केलं आणि दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. माझ्याजवळ उभं राहून लोकांनी फोटो काढले. कुठली वाट धरायची हे मी ठरवू लागलो. माणसं खाली जमिनीकडं बघायची बंद झाली आणि माझ्याकडं बघू लागली. मला ते आवडायचं.

यंदाच्या पावसात विहिरीचा काठ आतून खचला. वरून गवत हिरवंगार, खाली पोकळ. बजाबाईचं एक मेंढरू त्यात गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं बोराटीची मोठी फांदी ओढत आणली आणि उजव्या वाटेवर आडवी टाकली. आमच्या माळावर आडवी बोराटी म्हणजे वाट बंद. तिथं लिहिणं-वाचणं लागत नाही. लहान पोरंसुद्धा ती ओलांडत नाहीत. मी बाजूलाच उभा होतो. माझ्या तोंडावर मात्र ‘सोपी’ तसंच.

दिवाळीनंतरच्या रविवारी मंडळ आलं. सोबत बाळीवेशीतल्या कमलम्मा होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सहा महिने घरातल्या घरात भिंतीला धरून चालल्या होत्या. घराबाहेर, उघड्यावर चालायचा हा पहिला दिवस. त्यांनी माझ्यावर बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं.

“सोपी म्हणतंय की. मला हीच बरी.” मग खाली बघून थबकल्या. “पण काटे टाकल्यात की ओ. कुणीतरी मुद्दाम टाकल्यागत दिसतंय.”

“ते मेंढरांसाठी असतंय, काकू. माणसांसाठी बोर्ड हाय,” उदयसिंह म्हणाले. सगळे हसले. त्यांनी बुटानं बोराटी बाजूला सारली.

टेकडीवरून बजाबाई ओरडत पळत सुटली होती. वारा उलटा होता. कुणाला ऐकू गेलं नाही.

थोडं पुढं जाताच विहिरीचा काठ खचला आणि कमलम्मा खाली गेल्या. पडक्या पायरीवर अडकल्या म्हणून वाचल्या. मंडळाची माणसं जागच्या जागी उभी. बजाबाई आली, पालथी पडली आणि तिनं कमलम्मांचं मनगट धरलं. बाकीच्यांचे हात लागेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

वर आल्यावर कमलम्मा रडत एवढंच म्हणत होत्या, “अय्यो, सोपी म्हणून आले की मी.”

“बोर्डावर तसं लिहिलंय, आम्ही काय करणार?” उदयसिंह पुटपुटले.

बजाबाई उसळली. “त्या पत्र्याला इचारून आलासा व्हय? आन मी हितं जिती उभी हाय, ती दिसली न्हाय?”

कुणी मान वर केली नाही. मला मान खाली घालता येत नव्हती. मी तसाच ताठ उभा राहिलो, ‘ज्येष्ठांसाठी उत्तम’ दाखवत.

ज्या पायासाठी कमलम्मा चालत होत्या, तोच पाय मोडला. आता त्यांना उंबरा ओलांडवत नाही, असं शिवू सांगत होता. मंडळानं माझा विषय पुढच्या बैठकीवर टाकला. चार रविवार गेले. बैठक झाली नाही. नवी माणसं येत राहिली, मला वाचत राहिली, बोराटी सारत राहिली. बजाबाई त्यांना आडवी जाऊन परत पाठवायची आणि फांदी पुन्हा ओढून आणायची. तिचे तळहात सोलून निघाले होते.

काल सकाळी ती दोन मुठी ताजं शेण घेऊन आली. तिला वाचता येत नाही, त्यामुळं खोटं कुठलं आणि खरं कुठलं हे तिनं निवडलं नाही. बाण, अक्षरं, मंडळाचं नाव, सगळं तिनं लिंपून टाकलं. “गप बस आता,” मला म्हणाली.

मित्रांनो, येत्या रविवारी कुणीतरी बादली आणि फडकं घेऊन येईल. मला स्वच्छ करणं म्हणजे माझी काळजी घेणं, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. माझ्यासाठी एवढं करा, त्याचा हात धरा. हे शेण पुसू देऊ नका.