बारा अक्षरांची ओळ

धाकटी बोलताना अडखळायची, म्हणून लहानपणापासून तिच्या वतीने दादाच बोलत आला होता. फ्रेंचच्या तोंडी परीक्षेलाही तो दारापर्यंत आला. "आत जाऊन सांगून येतो, हिला जरा वेळ लागतो म्हणून."

"न-नको. तू इथेच बस."

आत दोन परीक्षक होते. जाड चष्म्याच्या बाईंनी एक सुनीत पुढे सरकवलं. तिने ते कधी पाहिलं नव्हतं. "रचना सांगा, वृत्त सांगा, मग मोठ्याने वाचा."

'मोठ्याने' ऐकताच तिने कागद जवळ ओढून घेतला.

रचना तिने अडखळत का होईना, सांगितली. आधी चार-चार ओळींची दोन कडवी, मग तीन-तीनची दोन. ओळ बारा अक्षरांची, सहाव्यानंतर यती.

"तिसरी ओळ मोजा," बाई म्हणाल्या. "मला तर अकराच दिसतात."

तिने बोटांवर मोजलं. अकराच! पुन्हा एकेक शब्द चाचपत गेली आणि मधल्या एका शब्दाच्या शेवटी थबकली.

"हा शेवटचा मु-मुका स्वर एरवी उच्चारत नाहीत, पण कवितेत धरायचा. पुढे व्यंजन आहे."

"मग पाचव्या ओळीतला का नाही धरला?"

"त्याच्यापुढे स्वर आहे. तो त्यात वि-विरून जातो."

बाईंचा चेहरा मख्खच. "हं. वाचा."

पहिल्या आठ ओळी यतीपाशी श्वास घेत निभावल्या. नवव्या ओळीला कवितेचा सूर पालटत होता, आणि तिथला पहिलाच शब्द घशात रुतला. प... प... प... शेजारच्या परीक्षकांना राहवलं नाही. शब्द पुरवायला त्यांनी तोंड उघडलं, तशी तिने हात वर केला. खोलीत कुणी हललं नाही. मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि शब्द सुटला. शेवटच्या ओळीपर्यंत ती आणखी दोनदा अडली, पण थांबली नाही.

"नववी ओळ माझ्यामुळे लां-लांबली," ती म्हणाली. "कवीची बाराच आहेत."

बाई पहिल्यांदा हसल्या.

निकाल लागला. विश्लेषणात ती वर्गात पहिली, वाचनात जेमतेम काठावर. दादा उखडला. "हा सरळ अन्याय आहे! मी जाऊन भांडतो."

"नको, दादा. वाचताना मी अ-अडले, ते खरंच आहे."

"अगं, पण—"

"आणि भांडायचंच झालं, तर मी भांडेन."