सहा नंबरच्या रेघा

समुद्रासमोरची अकरा घरांची ती एकसंध रांग दगडी वाटते, पण आत साध्या विटा आहेत. वर चुन्याचा गिलावा, आणि गिलावा ओला असतानाच त्यावर ओढलेल्या रेघा. म्हणजे दगडांचे सांधे वाटावेत. दोनशे वर्षं लोक फसत आले आहेत, तेही आनंदाने.

त्यातल्या सहा नंबरचा गिलावा हिवाळ्यात निखळला. तो नव्याने करायचं काम पेनफोल्ड गवंड्याचं, आणि ते त्याचं शेवटचं. सकाळपासून तो भिंतीला लावलेल्या परांचीवर चढून पाणसळ लावून रेघा ओढत होता. पाच नंबरच्या रेघांशी त्या जुळल्या. सात नंबरपाशी मात्र त्याच्या रेघा दोन बोटं वर निघाल्या.

"जुने लोक आळशी," तो मुलीला, हेझलला म्हणाला. "बघ, लेव्हल चुकवली. जाऊ दे, मधे पावसाच्या पाण्याचा पाइप आहे. झाकून जाईल."

"बाबा, तू आणि 'झाकून जाईल' म्हणतोस?"

"पाणसळीतला बुडबुडा मधोमध आहे ना? मग गप."

एवढ्यात रस्त्यापलीकडच्या बाकावरून घरमालकीण मिसेस बॉटिंग ओरडल्या, "अहो पेनफोल्ड! माझं घर प्यायलंय का?"

"बाई, घर शुद्धीवर आहे. तुमचा चष्मा पुसा!"

"खाली या आणि स्वतः बघा की!"

तो कुरकुरत उतरला, रस्ता ओलांडला आणि वळून पाहिलं. नव्या रेघांमध्ये सहा नंबरच्या खिडक्या खरोखरच कलंडलेल्या दिसत होत्या. बाकी दहा घरं ताठ, हेच एक झोकांड्या खात होतं.

मग त्याने एक डोळा मिटून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रांगेवरून नजर फिरवली. आणि त्याला उमगलं. पूर्वेकडची जमीन रांग बांधतानाच खचली होती. अख्खी रांग त्या बाजूला उतरत होती. हा उतार जुन्या गवंड्यांच्या चुकीने आला नव्हता. एकेका दगडामागे केसभर, असा तो त्यांनी अकरा घरांत वाटून दिला होता. खिडक्याही उतरत्या, सज्जेही, रेघाही. सगळंच मिळून थोडं वाकडं, म्हणून डोळ्यांना सरळ.

चाळीस वर्षं तो या रांगेखालून ये-जा करत होता.

"आळशी म्हणालो मी त्यांना," तो पुटपुटला.

ऊन चढत होतं, वारा सुटला होता. दुपारपर्यंत गिलावा घट्ट झाला असता, मग सगळा फोडून काढण्यावाचून इलाज नव्हता. तो धावला. साठी उलटलेल्या माणसाला शिडी चढताना पाहून हेझल घाबरली.

"काय झालं?"

"गिलाव्यावर ओला रंधा फिरव. सगळ्या रेघा पूस. पाणसळ पिशवीत टाक."

"मग मोजायचं कशाने?"

"दोरीने. पाचची रेघ ते सातची रेघ. जुने लोक सांगतील तसं."

दोरी ताणली. तिच्या मागे मागे त्याने हलक्या हाताने रेघा ओढल्या, एक एक करत, वरपासून खालपर्यंत. शेवटच्या रेघेला गिलावा इतका कडक झाला होता की थापीचं टोक करकरलं.

दोघं पलीकडे बाकाशी आली. मिसेस बॉटिंगनी थर्मासमधला चहा पुढे केला.

"आलं बाई घर शुद्धीवर," त्या म्हणाल्या.

पेनफोल्डने टोपी काढली. त्याला आपलं काम शोधायचं होतं, आणि ते सापडेना. शेवटी त्याने कोपऱ्यापासून दारं मोजायला सुरुवात केली.