बाराव्या वाफ्याचं वजन

मित्रांनो, सिन्नरच्या पूर्वेला कोरड्या माळावर चारा संशोधनाचं एक शेत आहे. तिथल्या गोदामात, फवारणीच्या फुटक्या पंपाशेजारी, मी पडून असतो. मी ताणकाटा. वर कडी, खाली आकडा, मध्ये पितळी तबकडी आणि पोटात स्प्रिंग. ओझं लटकवलं की किती किलो भरलं ते मी सांगतो. त्याहून जास्त मला काही सांगता येत नाही.

माझी पहिली वर्षं कांद्याच्या गोण्या तोलण्यात गेली. मग मला इथे घासासाठी आणलं. आमच्या भागात घास म्हणजे लसूणघास. एकदा पेरला की तीन-चार वर्षं दर महिन्याला कापायचा, आणि गाईचं दूध त्याच्यावर. पण त्याला पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात आमचा बोअर धापा टाकतो. म्हणून इथल्या संशोधन केंद्राने बारा जातींचे बारा वाफे पाडले. जी जात कमी पाण्यात तगेल तिचं बी पुढे वाढवायचं, बाकीच्या अकरा नांगरून टाकायच्या, असं ठरलं होतं.

अकरा जाती बाहेरून पाकिटांत आल्या. बारावी झुंबरबाईची.

झुंबरबाई या शेतावर रोजाने घास कापायला येई. तीसेक वर्षांपूर्वी एका दुष्काळात तिचा स्वतःचा वाफा वाळून गेला होता. पावसानंतर त्यातले सात बुंधे तेवढे पुन्हा फुटले. दुसऱ्या कोणी वाफा मोडला असता. तिने त्या सातांचं बी धरलं, पेरलं, आणि नंतर दर उन्हाळ्यात तहान सोसून जे उरेल त्याचंच बी धरत गेली. पुढे तिचं शेत नव्या रस्त्यात गेलं. राहिलं ते डब्यातलं अर्धा किलो बी. केंद्राच्या छाया मॅडमनी ते मागितलं तेव्हा तिने अख्खा डबा उपडा केला.

"थोडं ठेवा की घरी," मॅडम म्हणाल्या.

"कशाला? उंदरांला घालू? मला जिमीन नाय, तुम्हाला हाय. घ्या."

म्हणजे तिचा घास आता फक्त त्या बाराव्या वाफ्यात होता. मधमाश्यांनी जाती मिसळू नयेत म्हणून सगळे वाफे फुलोऱ्यावर येता येताच कापत, त्यामुळे तिथे बी धरायची सोय नव्हती. निवड झाली तरच त्याला दूर, वेगळी जागा मिळणार होती.

दोन वर्षं मी तीन बांबूंच्या तिकटीला लटकून काम केलं. झुंबरबाई पेंढी अडकवून म्हणे, "बोल रे बाबा," आणि मी बोले. छाया मॅडम वहीत लिहीत. पंप सांभाळणारा गोटीराम चिडवायला टपलेला असे. "मावशी, पाच नंबर तेरा किलो! तुमची बारा नंबर दहावरच अडकली. म्हातारी झाली ती."

"म्हातारी असंल, पण तुझ्यासारखी दुपारी झोपत नाय," झुंबरबाई म्हणे. "आन हा काटा कोणाच्या बापाला भीत नाय, एवढं लक्षात ठेव."

हे ऐकून माझी छाती फुगायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात खरी परीक्षा आली. मॅडमनी पाणी तोडलं. पंचवीस दिवसांत पाण्याची एकच पाळी. का, ते त्यांनी वहीत लिहिलं, शहरातल्या साहेबांना फोनवर समजावलं. गोटीरामला मात्र एवढंच म्हणाल्या, "मी सांगेपर्यंत पंप चालू करायचा नाही." झुंबरबाईला कोणीच काही सांगितलं नाही. कापणाऱ्या बाईला काय सांगायचं?

पहिल्या तहानेच्या कापणीला पाच नंबर तेरावरून सातवर घसरला. बारावा दहावरून साडेआठवर थांबला. मॅडमनी माझी तबकडी पुसून पुन्हा वाचली. अशीच आणखी एक कापणी, की निकाल लागणार होता.

तेवढ्यात आईच्या ऑपरेशनसाठी त्या आठ दिवस रजेवर गेल्या. दुसऱ्याच दिवशी शहरातल्या गंगापूर रोडच्या ऑफिसातून फोन आला की उद्या अधिकारी आणि दूधवाले शेतकरी शेत बघायला येणार आहेत.

गोटीरामने वाफ्यांकडे पाहिलं. पानं मलूल, पाच नंबरने तर मानच टाकलेली. "मावशी, पाव्हण्यांना हे असं दाखवायचं?"

"मॅडम घरी नाय आन त्यांची आब्रू जाणार," झुंबरबाई म्हणाली. "दारात पाव्हणा आला तर आपण पोरांची तोंडं पुसतो का नाय? चालू कर पंप. वाफ्यांची दारं मी फोडते."

भर दुपारी तिने बाराही वाफे भरले. पाच नंबर जास्त वाळलेला म्हणून त्याची तिला कीव आली. त्याला तिने दोनदा भरलं.

पाहुणे खूश झाले. एवढ्या उन्हात एवढा हिरवा घास! त्यांनी फोटो काढले, चहा घेतला आणि गेले.

मॅडम परतल्या तोवर वरची माती पुन्हा कोरडी झाली होती. तरी घासाची टवटवी बघून त्यांना शंका आली. "गोटीराम, पाणी सोडलं होतंस?"

गोटीराम कंत्राटी माणूस. त्याला बोलणी बसू नयेत म्हणून झुंबरबाईच पुढे झाली. "पाणी कुठलं, मॅडम? पाव्हणे बघून घासालाच आनंद झाला असंल!"

सगळे हसले. मॅडमही हसल्या.

मग कापणी झाली. पाच नंबर बारा किलो, बारावा नऊ. मी खरं तेच सांगितलं. दोन्ही कापण्यांची बेरीज करून वहीत लिहिलं गेलं की पाणी तोडूनही पाच नंबर सर्वांत पुढे.

महिन्याने मॅडम तिला म्हणाल्या, "मावशी, वाईट वाटतं. तहानेत तुमचा घास मागे पडला."

"तहानेत?"

"पाणी मुद्दाम तोडलं होतं ना. कोण तगतं ते बघायला."

झुंबरबाईने विळा खाली ठेवला. "मग मला सांगायचं की, मॅडम," ती म्हणाली. "तीस वर्सं मी दुसरं काय केलं?"

मग तिने सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या खोट्यासकट. मॅडमनी तिथेच साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अहवाल गेला, फोटो छापून आले. आता काय लिहून देऊ, की पाहुण्यांसाठी पाणी घालून हिरवं केलं होतं? जमीन पुढच्या प्रयोगाला लागते आहे." मॅडमनी फोन ठेवला. पुन्हा लावला नाही.

गुरुवारी बाकीचे वाफे नांगरायला ट्रॅक्टर आला. त्याच्या आधी झुंबरबाईने कुदळीने पाच बुंधे उपटले. पण इतक्या वर्षांची तहान त्या मुळांनी खोल खोल जाऊन भागवलेली. ती मध्येच तुटली. सिन्नरला भाड्याच्या खोलीबाहेर तेलाच्या डब्यांत तिने ते लावले. नवव्या दिवशी वाळलेले बुंधे काढून डबे रिकामे केले, असं गोटीराम सांगत होता. ती पुन्हा कामावर आली नाही.

पाच नंबरचं बी गावोगाव गेलं. पुढच्या वैशाखात बोअर आटले आणि तो घास बुडापासून जळाला. एक शेतकरी इथे येऊन ओरडून गेला, "काट्यावर तोलून दाखवलं होतं ना?" त्याच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत झाली नाही. नंतर बॅटरीचा काटा आला आणि माझी रवानगी गोदामात झाली. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, मला तेल द्या, माझा गंज काढा, असं मी म्हणणार नाही. माझं एवढंच ऐका. जे हात तुमच्यासाठी कापतात, उपसतात, वाहतात, त्यांना आपण काय तपासतो आहोत ते आधी सांगा. कदाचित ते त्यांना तुमच्याहून जास्त कळत असेल. आणि चूक उघडी पडली तर लिहिलेलं खोडा. त्यात कमीपणा नाही.

ती वही अजून ऑफिसच्या कपाटात आहे. बारावा वाफा, नऊ किलो. आकडा बरोबर आहे. त्या घासाची मात्र एक काडीही आता कुठे उरलेली नाही.