क्रुम राजाची पांदण

अकोल्याच्या शाळेतले देवीदासपंत रूमच्या, म्हणजे कुस्तुंतुनियाच्या, बादशाहीचा इतिहास मराठीत लिहीत होते. पण त्यांचा जीव बादशहांवर नव्हता. बादशहांना ज्यांनी जेरीस आणलं आणि पुढे ज्यांची कुणी आठवणही ठेवली नाही, त्या शत्रूंवर होता. बल्गार, पेचेनेग, कुमान. ही नावं निघाली की त्यांच्या पत्नी दुर्गाबाई उठून स्वयंपाकघरात जात.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती पैसा खेळू लागल्यावर जवळच्या गावातल्या खुशालराव पाटलांना वाटलं, आपल्या ओसरीवर असं काही वाचलं जावं, जे पंचक्रोशीत कुणी ऐकलं नसेल. त्यांनी पंतांना आणायला बैलांची दमणी पाठवली.

खुशालरावांचं आपल्या चुलतभावाशी, जानरावाशी, शेताच्या धुऱ्यावरून, मधल्या बांधावरून, वैर होतं. पंतांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मुद्दाम बल्गारांचा राजा क्रुम निवडला. रूमच्या बादशहानं क्रुमची राजधानी जाळली. क्रुमनं निरोप धाडला, ‘तू जिंकलास. हवं ते घे आणि सुखानं जा.’ बादशहानं ऐकलं नाही. मग क्रुमनं डोंगरातली वाट लाकडं रोवून बंद केली आणि कोंडलेल्या बादशहाला फौजेसकट कापून काढलं.

“म्हणून समेट वेळेवर करावा,” पंत म्हणाले.

“वाट बंद केली म्हंता?” खुशालरावांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी जानरावाच्या शेतातून निघणाऱ्या एकुलत्या पांदणीत बाभळीच्या काट्यांचा ढीग पडला. त्याच्या कापसानं भरलेल्या बैलबंड्या आतच अडकल्या. खुशालरावांनी पहाऱ्याला गडी बसवले आणि आपला सगळा कापूस अमरावतीला नेऊन विकला.

पुढच्या खेपेला पंत ओसरीवर असतानाच जानराव आला.

“दादा, धुरा तुमच्या मनासारखा घ्या. मले वाट द्या.”

“नाही देत.”

“पाटील,” पंत हळूच म्हणाले, “क्रुमनं नेमकं हेच म्हटलं होतं.”

“क्रुम तर मी आहो, पंत.”

जानराव परत गेला. त्याचा कापूस शेतातल्या कोठ्यात पडून राहिला आणि बाहेर भाव चढत गेला. शेवटी गावातल्या चारचौघांनी काट्या उपसल्या, तोवर भाव इतका वधारला होता, की जानराव अमरावतीहून परतला तो नवी बैलजोडी घेऊनच. वाटेत थांबून त्यानं खुशालरावांच्या ओसरीवर पेढ्यांची पुडी ठेवली. खुशालरावांनी दमणी पाठवणं बंद केलं.

मग जानरावाची दमणी आली. पंतांना मनातून वाईट वाटायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत त्यांचं कुणी एवढं मनावर घेतलं नव्हतं. त्यांनी ठेवणीतली पगडी काढली.

जानरावानं सगळी कथा मन लावून ऐकली. “अन् त्या क्रुमचं पुढं काय झालं?”

हा प्रश्न पंतांना आयुष्यात प्रथमच कुणी विचारला होता. हातातला घास त्यांनी पानात ठेवला.

“कुस्तुंतुनियावर चालून जायची सगळी तयारी झाली होती. तेवढ्यात नाकातोंडातून रक्त येऊन मेला.”

“म्हंजे तोबी गेलाच,” जानराव समाधानानं म्हणाला आणि पंतांच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढायला सांगितली.